कागद कुठेही उघडला तरी मांडणी मोडू नये



बचत गटाचं सगळं काम पूर्वी वहीत मावायचं. हजेरी, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, बैठकीचं इतिवृत्त, सगळं रेघा मारलेल्या वहीत. वही आजही आहे आणि ती राहणारच. पण बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव द्यायचा, ग्रामसंघाकडे मागणी करायची, तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉल मागायचा म्हटलं की टाईप केलेला कागद लागतो. हल्ली तर कागद नेऊन दिला तरी समोरून उत्तर येतं, "ताई, फाईल मेलवर पाठवा."

आणि तिथून एक नवं दुखणं सुरू होतं. टायपिंगच्या दुकानात पडद्यावर सगळं छान दिसलेलं असतं. तीच फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की तिची रया जाते.

समजा, पापड आणि मसाल्याचा धंदा वाढवायला अकरा जणींच्या गटानं प्रस्ताव तयार केला. तो दुसरीकडे उघडल्यावर तीन तऱ्हेनं बिघडू शकतो. पहिली तऱ्हा, मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दुसरी, तक्ता सरकतो आणि एकीच्या नावासमोर दुसरीची रक्कम येते. तिसरी, मजकूर एका पानावर राहतो आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्यांची जागा एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तक्ता सरकला तर कोणाचं किती कर्ज बाकी आहे हेच चुकीचं वाचलं जातं. सह्यांचं पान सुटं पडलं तर त्या सह्या नेमक्या कोणत्या मजकुराखाली केल्या, हे कसं दाखवणार? कागद परत आला की पुन्हा एस.टी.चं भाडं, पुन्हा टायपिंगचे पैसे, एका दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. आणि तोवर अर्जाची मुदत संपली तर पुढच्या खेपेपर्यंत थांबा. म्हणून आज आपण हे नीट समजून घेऊ, की असं का होतं आणि काय केलं म्हणजे होत नाही.

फाईलमध्ये नेमकं काय असतं

आपल्याला वाटतं, फाईल म्हणजे पानाचा फोटो. तसं नसतं. वर्डची फाईल ही पाककृतीसारखी असते. त्यात मजकूर असतो आणि सोबत सूचना असतात: हे शीर्षक ठळक कर, अमुक फॉन्ट घे, अक्षर बारा आकाराचं ठेव, इथे तक्ता मांड. फाईल उघडली की तो कॉम्प्युटर या सूचना वाचतो आणि आपल्या घरातलं सामान घेऊन पान नव्यानं तयार करतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण. तुम्ही सांगितलेला फॉन्ट त्याच्याकडे नसेल तर तो दुसरा घेतो. गुळाऐवजी साखर घातली तर लाडू होतो, पण चव तीच राहत नाही.

शिवाय टाईप करायचे प्रोग्रामही एक नाहीत. कुठे मायक्रोसॉफ्ट वर्ड असतं. कुठे लिबरऑफिस असतं, जे २०१० पासून मोफत मिळतं आणि मराठीतही वापरता येतं. फोनवर बहुतेक जणी गुगल डॉक्स वापरतात. वर्डची फाईल 'डॉकएक्स' प्रकारची असते, लिबरऑफिसची स्वतःची फाईल 'ओडीटी' प्रकारची. एकमेकांच्या फाईली हे प्रोग्राम उघडू शकतात, पण सूचनांचा अर्थ प्रत्येक जण थोडा वेगळा लावतो. म्हणून सूचना साध्या आणि स्पष्ट असल्या तर सगळीकडे पान सारखं दिसतं. जुगाड करून मांडलेलं असलं तर मोडतं.

मराठीची खिचडी का होते

पहिलं दुखणं अक्षरांचं, आणि ते आपल्या मराठीला जास्त भोवतं.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. पूर्वी मराठी अक्षरांना सगळीकडे चालेल असा सारखा नंबर नव्हता. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराचा नंबर तसाच ठेवायचा आणि पडद्यावर त्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवायचं. उदाहरणार्थ, कृतीदेव फॉन्टमध्ये 'कमल' हे नाव लिहायचं तर डी, ई आणि वाय ही बटणं दाबावी लागतात. पडद्यावर 'कमल' दिसतं, पण फाईलमध्ये नोंद होते डी-ई-वाय अशीच. ज्या कॉम्प्युटरवर कृतीदेव नाही, तिथे कमलताईंचं नाव 'डी-ई-वाय' असं इंग्रजीतच दिसणार. श्रीलिपीचे आणि डीव्हीबी नावाने सुरू होणारे जुने फॉन्टही याच पद्धतीचे. त्यातही प्रत्येकाची अक्षरांची वाटणी वेगळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात चालत नाही.

१९९१ साली युनिकोड नावाची पद्धत आली. तिच्यात जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना कायमचे नंबर दिले. आपल्या 'क'चा नंबर २३२५. तो पुण्यात २३२५ आणि परदेशातही २३२५. फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो, फार तर वळण बदलतं. तुम्ही फोनवर मराठी टाईप करता किंवा फोनला बोलून लिहायला सांगता, ते सगळं युनिकोडच असतं. म्हणून तुमचा मेसेज बहिणीच्या फोनवर जसाच्या तसा पोचतो.

मग दुकानात जुने फॉन्ट अजून का? लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायचे जुने प्रोग्राम युनिकोड मराठी नीट हाताळत नव्हते, आणि टाईप करणाऱ्यांचे हात जुन्या बटणांना सरावलेले आहेत. पत्रिका तिथेच छापून हातात मिळते, त्यामुळे तिला अडचण येत नाही. प्रस्तावाची फाईल मात्र गावोगाव फिरणार असते.

फाईल जुन्या फॉन्टची आहे की युनिकोडची, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. फाईलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं किंवा चित्रविचित्र चिन्हं आली तर जुना फॉन्ट. फॉन्टच्या नावावरूनही कळतं. मंगल, निर्मला, कोकिळा, नोटो, मुक्ता हे युनिकोडचे. कृतीदेव, श्री-देव, डीव्हीबी हे जुने.

म्हणून दुकानात पाऊल टाकताच आधी सांगायचं, "दादा, युनिकोडमध्ये टाईप करा." एवढ्या एका वाक्यानं अर्धं काम होतं.

आणि जुनी फाईल असली तर? जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण ते डोळे झाकून वापरू नका. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. बदल करताना हा क्रम फिरवावा लागतो आणि तिथेच गफलत होते. निर्मला, कीर्ती, वर्षा, शिर्के, सुर्वे अशी नावं आणि जोडाक्षरं मूळ कागदाशी एकेक करून ताडून पाहा. बँकेच्या पासबुकात एक नाव आणि प्रस्तावात दुसरं, असं झालं तर अडचण होते. रकमा आणि खाते क्रमांकही तपासा. आणखी एक सावधगिरी: असे प्रोग्राम इंटरनेटवर असतात, तिथे सदस्यांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक चिकटवू नका. फक्त मजकूर बदलून घ्या, आकडे नंतर हातानं भरा.

तक्ता का सरकतो

आता दुसरं दुखणं. नाव, बचत, कर्ज, बाकी अशा चार रांगा करायच्या असतात. टाईप करणारा स्पेसचं बटण दाबत दाबत जागा सोडतो आणि रांगा सरळ दिसेपर्यंत दाबत राहतो. डगमगणाऱ्या हंड्याखाली खडे लावून तो सरळ करावा तसं हे काम. त्याच जागी हंडा बरा बसतो. जागा बदलली की खडे उपयोगाचे नाहीत. फॉन्ट बदलला की अक्षराची रुंदी बदलते, मोकळ्या जागेचीही बदलते आणि रांग वाकडी होते.

यावर उपाय म्हणजे खरा तक्ता. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत 'टेबल' नावाची सोय आहे. प्रत्येक आकड्याला स्वतःचं खोपटं मिळतं. फॉन्ट बदलला तरी कमलताईंची रक्कम कमलताईंच्या ओळीतच राहते. रेघा नको असतील तर रेघा लपवता येतात, खोपटी तशीच राहतात. रकमा उजवीकडे टेकवून लिहा, म्हणजे एकक-दशक एकाखाली एक येतात आणि चूक लगेच डोळ्यात भरते.

फाईलमध्ये खडे लावलेत की खरा तक्ता आहे, हेही बघता येतं. वरच्या पट्टीत उलट्या 'पी'सारखं दिसणारं एक चिन्ह असतं. ते दाबलं की लपलेल्या खुणा दिसू लागतात. जिथे ठिपक्यांच्या माळा दिसतील, तिथे स्पेस दाबून जागा सोडली आहे असं समजा आणि बदलून घ्या.

गटाचं बोधचिन्ह किंवा मालाचा फोटो घालायचा असेल तर तो मजकुराच्या ओळीतच बसवायला सांगा. वर्डमध्ये त्याला 'इन लाइन विथ टेक्स्ट' म्हणतात. मजकुरावर तरंगत ठेवलेला फोटो दुसऱ्या प्रोग्राममध्ये भलतीकडेच जाऊन बसतो आणि कधी कधी रकमाच झाकून टाकतो. रंगीबेरंगी चौकटी आणि वळणदार अक्षरांची सजावटही प्रस्तावात नको. ती पत्रिकेला शोभते.

सह्या पुढच्या पानावर का जातात

तिसरं दुखणं पानाचं. त्याची तीन कारणं असतात.

पहिलं, पानाचा आकार. आपल्याकडे ऑफिसात ए-फोर कागद चालतो, २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब. पण काही प्रोग्राममध्ये आपोआप 'लेटर' हा अमेरिकी आकार येतो, तो २१६ बाय २७९ चा. म्हणजे लांबीला १८ मिलिमीटर कमी. तीनेक ओळींची जागा गेली, आणि शेवटच्या तीन ओळी बहुधा सह्यांच्याच असतात. म्हणून टाईप करण्याआधी पानाचा आकार ए-फोर करून घ्या.

दुसरं, अक्षराचा आकार. मराठीचा आकार आणि इंग्रजीचा आकार हे प्रोग्राम वेगवेगळे लक्षात ठेवतात. देवनागरीला ते 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतात. वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत त्यासाठी वेगळा रकाना असतो. लिबरऑफिसमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' यावर खूण करावी लागते. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे नीट ठरवून दिला नसेल, तर एका प्रोग्राममध्ये मराठी मोठी दिसते, दुसऱ्यात बारीक, आणि पानं कमी-जास्त होतात.

तिसरं कारण आपलं नेहमीचं, एंटरचं बटण. नवीन पान हवं म्हणून दहा-बारा वेळा एंटर दाबायचं. हेही खडेच. त्याऐवजी कंट्रोल धरून एकदा एंटर दाबा, दोन्ही प्रोग्राममध्ये नवं पान सुरू होतं आणि ते पक्कं राहतं. सह्या मजकुरापासून तुटू नयेत म्हणून शेवटचा परिच्छेद निवडून परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'कीप विथ नेक्स्ट' यावर खूण करा. मग जागा कमी पडली तरी सह्यांबरोबर तो परिच्छेदही पुढच्या पानावर येतो. सह्या एकट्या पडत नाहीत.

फॉन्ट सोबत द्यायचा की सगळीकडे असलेला घ्यायचा

युनिकोडमध्ये टाईप केलं तरी फॉन्ट बदलला की ओळी थोड्या इकडे-तिकडे होतात. मंगल फॉन्ट विंडोजबरोबर येतो, तो विंडोज २००० पासून चालत आलाय. पण फोनवर किंवा लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तो सहसा नसतो. म्हणून सगळीकडे घेता येईल असा मोफत फॉन्ट निवडलेला बरा. गुगलचा नोटो आहे, मुंबईच्या 'एक टाईप' या मंडळींनी केलेला मुक्ता आहे. दोन्ही मोफत, दोन्हीत मराठी जोडाक्षरं नीट येतात. गटानं एकच फॉन्ट ठरवावा आणि दुकानात तोच वापरायला सांगावं.

दुसरी सोय म्हणजे फॉन्ट फाईलच्या पोटातच ठेवणं. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फॉन्ट सोबत ठेवायची खूण मिळते. लिबरऑफिसमध्ये फाईल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे मिळते. पाककृतीबरोबर शिधाही बांधून दिल्यासारखं. फाईलचं वजन थोडं वाढतं, एवढंच.

वाचायला पीडीएफ, बदलायला मूळ फाईल

आता सगळ्यात कामाची गोष्ट. समोरच्यानं कागद नुसता वाचायचा किंवा छापायचा असेल, तर त्याला पीडीएफ पाठवा. १९९३ साली आलेला हा प्रकार याचसाठी आहे. पाककृतीऐवजी वाढलेलं ताटच पाठवायचं. अक्षरं, तक्ते, पानं, सगळं आहे तिथेच राहतं. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' करताना पीडीएफ निवडता येतं, लिबरऑफिसमध्ये 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' आहे, फोनवर प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून साठवता येतं.

पण पीडीएफमध्ये नंतर बदल करणं अवघड. त्यातली मराठी कॉपी केली तरी पुष्कळदा वेडीवाकडी येते. म्हणून दुकानातून निघताना दोन फाईली मागा: पीडीएफ पाठवायला, आणि मूळ डॉकएक्स किंवा ओडीटी स्वतःजवळ ठेवायला. मूळ फाईल मिळाली नाही तर पुढच्या वर्षी दोन आकडे बदलायचे असले तरी सगळं पुन्हा टाईप करावं लागतं आणि पैसेही पुन्हा द्यावे लागतात. टायपिंगचे पैसे गटानं दिले आहेत, फाईल गटाची आहे. मागायला संकोच करू नका.

साहेबांना फाईलमध्ये बदल करायचा असेल तर आधी विचारा, त्यांच्याकडे वर्ड आहे की लिबरऑफिस. त्यांना उघडेल त्या प्रकारात साठवा, आणि पडताळायला सोबत पीडीएफही द्या. मग मांडणी हलली तरी मूळ कशी होती हे त्यांना दिसतं. एकच फाईल आज वर्डमध्ये, उद्या फोनवर, परवा लिबरऑफिसमध्ये बदलत राहू नका. दर वेळी काहीतरी निसटतं. बदल एकाच ठिकाणी करा, बाकीच्यांनी वाचून सुचवावं. फाईलच्या नावात तारीख घाला, म्हणजे कोणती शेवटची यावर वाद नको. व्हॉट्सॲपवर पाठवताना पानाचा फोटो काढून टाकू नका, तो पुसट होतो. 'डॉक्युमेंट' निवडून फाईलच पाठवा.

आणि पाठवण्याआधी एकदा दुसऱ्या ठिकाणी उघडून पाहा. सीआरपी ताईंच्या फोनवर, कोणाच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर, कुठेही. पानं किती, सह्या कुठे, तक्त्याची बेरीज जुळते का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात.

हे सगळं टाईप करणाऱ्यांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं कोणी म्हणेल. पण भाजणी दळायला गिरणीत दिली तरी जाड हवी की बारीक हे आपणच सांगतो ना? तसंच हे. कॉम्प्युटर चालवता येत नसला तरी चार वाक्यं प्रत्येकीला सांगता येतील: "युनिकोडमध्ये टाईप करा. खरा तक्ता करा. पान ए-फोर ठेवा. पीडीएफ आणि मूळ फाईल दोन्ही द्या." ही चार वाक्यं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे सचिव बदलल्या तरी ती हरवणार नाहीत.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाची एखादी जुनी फाईल कोणाकडे असेल तर ती उघडा, एक ओळ व्हॉट्सॲपवर चिकटवा आणि मराठी टिकते का ते बघा. टिकली नाही तर घाईचा अर्ज येण्याआधीच, निवांत वेळ बघून ती सुधारून घ्या.